सकाळी रंकाळा, दिवसभर खुर्ची: माझं नेमकं चुकतंय कुठं?

खुर्चीकर
नमस्कार मंडळी. वय ४४, घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो. गेली ६ वर्षं सकाळी रंकाळा तलावावर फिरायला जातो. पाऊस अगदीच कोसळत असला किंवा रविवार असला तरच खाडा. पाऊण तास चालणं आणि मग आमचा कट्टा. आम्ही सातजण. राजकारण, पेठापेठांतल्या फुटबॉलच्या मॅचा, कुणाच्या पोराचं जमलं, कुणाचं मोडलं. रविवारी चालण्याऐवजी थेट मिसळ.

गेल्या महिन्यात कंपनीत सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. माझी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आली, कंबर ९८ सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले साखर उंबऱ्यावर येऊन उभी आहे. मी म्हटलं, अहो मी रोज रंकाळ्याला जातो! तर म्हणाले, "तो झाला पाऊण तास. बाकीच्या दिवसाचं सांगा."

हिशेबाचाच माणूस मी. घरी येऊन वहीत मांडलं. कट्टा ४० मिनिटं. नाष्टा आणि पेपर अर्धा तास. गाडीवर जाऊन-येऊन सव्वा तास, तेही बसूनच. ऑफिसची खुर्ची साडेआठ तास, डबासुद्धा त्याच टेबलावर. रात्री टीव्ही, जेवण, मोबाईल मिळून तीन तास. बेरीज १३ तास ५५ मिनिटं. समोरच्या बाजूला पाऊण तास. ताळेबंद जुळत नाही हे सांगायला सीए लागत नाही.

नोकरी सोडता येत नाही, जिमचा वेळ काढता येत नाही. अशा माणसानं करायचं काय?

पेठेतला_पोरगा
काका, तुमी कट्ट्यावर बसायला जाताय आणि वाटेत चालणं हुतंय, असं हाय ते. मिसळीवर कट किती वेळा मागवता?

खुर्चीकर
दोनदा. ब्रेडच्या स्लाइस मोजत नाही.

फिजिओ_ताई
खुर्चीकर, वहीचं काम छान केलंत. माझ्याकडे येणाऱ्या दहातले नऊजण आपण किती बसतो हे निम्म्यानं कमी सांगतात. गाडीवरचा वेळ तर कुणी धरतच नाही.

आता आधी तुमची जमेची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जो सल्ला दिला त्यात मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम सांगितलाय. तुमचे सहा दिवस गुणिले ४५, म्हणजे २७० मिनिटं. कागदावर तुम्ही पास. पण "मध्यम" म्हणजे काय? चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. सातजण ओळीनं गप्पा मारत चालतात तेव्हा तो वेग असतो का, ते तुम्हीच सांगा. त्याच सल्ल्यात आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम करा असंही आहे. ते आपल्याकडे कुणी वाचतच नाही.

दुसरी गोष्ट, व्यायाम न करणं वेगळं आणि फार बसणं वेगळं. तुमचा घोळ दुसरीत आहे. मांड्या आणि कुल्ले हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. जेवल्यावर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच ओढून घेतात. तुम्ही खुर्चीत टेकलात की हे गिऱ्हाईक दुकानातनं निघून जातं. माल येऊन पडतो, उचल नाही. रक्तातली चरबी मोडायला मदत करणारं एक विकर (एन्झाइम) स्नायूंत असतं, तेही तासन् तास हालचाल नसली की मंदावतं. सकाळी पाऊण तास उचल झाली म्हणून दुपारी दोनचा माल आपोआप खपत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाला खुर्चीतनं उठा.

पुरावा_दे_मर्दा
ताई, बसणं हे नवं धूम्रपान वगैरे मथळे खूप वाचले. माणूस बसला म्हणून आजारी पडतो की मुळात आजारी, जाडजूड माणूस जास्त बसतो? हे कुणी तपासलंय का?

फिजिओ_ताई
बरोबर प्रश्न. आणि त्या मथळ्यावर माझाही विश्वास नाही, सिगारेटचं नुकसान फार मोठं आहे.

तपासणीची सुरुवात झाली ती लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं १९५३ साली लिहिलं की दुमजली बसच्या ड्रायव्हरांना कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. बस तीच, धूर तोच, वर्गही साधारण तोच. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीचा नव्वद टक्के वेळ बसलेला आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. टपालखात्यातही तेच दिसलं, पोस्टमन बरे, टेबलावरचे कारकून वाईट.

तुमची शंका तेव्हाही निघाली होती. मग मॉरिसनी १९५६ साली गणवेशाची मापं काढली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर मुळातच मोठी निघाली! म्हणजे थोडा वाटा निवडीचा होताच. पण पुढं मापाप्रमाणे गट पाडून बघितलं तर बारीक असो, मध्यम असो की पोटाळ, कंडक्टरांमध्ये अचानक मृत्यू कमीच दिसले.

निवृत्त_कंडक्टर
हा धागा माझ्यासाठीच निघाल्यागत वाटलं म्हणून लिहितोय. २९ वर्षं तिकिटं फाडली. आधी गावाकडच्या गाड्या, मग शहरात. जोडीला जे ड्रायव्हर होते त्यातल्या बऱ्याच जणांना साखर आणि कंबरदुखी. दोघांची बायपास झाली. माझी साखर आजपण बरी हाय. लंडनच्या डाक्टरनं मला विचारलं असतं तर बिनपैशाचं सांगितलं असतं.

पण एकच बाजू सांगू नये. माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर शिरा गांडुळागत फुगल्यात. गुडघं कुरकुरतात. चैत्रात जोतिबाच्या जादा गाड्यांना चौदा-चौदा तास उभा ऱ्हायलोय, गर्दीत पाय हलवायला जागा न्हाई. तवा आता हापिसात उभं ऱ्हायचं टेबल घ्या म्हणून जाहिराती येतात त्या बघून हसू येतं. उभं ऱ्हाणं म्हंजे चालणं न्हवं.

फिजिओ_ताई
मामा, शंभर टक्के. पोटरीचा स्नायू आकसतो तेव्हा पायातलं रक्त वर ढकललं जातं. माणूस बसला काय नि पुतळ्यासारखा उभा राहिला काय, तो पंप बंदच. टेबल बदलून उपयोग नाही, स्थिती बदलत राहावी लागते. उभं राहणं भागच असेल तर टाचा उचला, टेका, उचला, टेका. आणि शिरांसाठी रात्री पायाखाली उशी घेता ना? दुखायला, सुजायला लागल्या तर दाखवून घ्या.

लाल_माती
मी वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत तालमीत होतो. कोल्हापूरच्या पैलवानकीचं कौतुक सगळे करतात, खासबागेत कुस्ती लागली की फेटे उडतात. नंतरचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

पहाटे चारला उठायचं. जोर, बैठका, सपाट्या, दोर चढायचा, माती उकरायची, मग लढती. त्या मेहनतीला खुराक लागायचाच. बदाम वाटून थंडाई, म्हशीचं दूध, तूप, मटण. गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं, फेसाचं, कोमट दूध आम्ही लिटरनं मोजत नव्हतो. शरीर सगळं पचवत होतं.

मग खांदा गेला. कुस्ती सुटली. वडिलांच्या सिमेंट-सळीच्या दुकानात गल्ल्यावर बसलो. मेहनत एका दिवसात सुटली, खुराक पुढची दहा वर्षं सुटला नाही. भूक सवयीची होती, शिवाय लोक आग्रह करायचे, "पैलवान, एवढंच?" नाही म्हणणं अपमानाचं वाटायचं. ९२ किलोचा १२६ झालो. झोपेत श्वास अडकायचा. बायको रात्रभर जागी. चाळिशीत बीपीची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांना माझे दंड बघून खरं वाटेना.

मला वजन उतरवायला जिमनं नाही, मुतारीनं मदत केली. हसू नका. दुकानातलं बाथरूम दुरुस्तीला काढलं होतं, दोन महिने मागच्या गल्लीत तीन मजले चढून भावाच्या घरी जावं लागायचं. दिवसाला सात-आठ खेपा. पंधरा दिवसांत लक्षात आलं, संध्याकाळी पाय जड होत नाहीत. बाथरूम दुरुस्त झालं, तरी मी वरच जातो. त्याबरोबर रोज ५० बैठका, पाचवेळा दहा-दहा, गिऱ्हाईक नसलं की गल्ल्याशेजारीच. पहिल्यांदा पोरं हसली, आता त्यातला एकजण माझ्याबरोबर मारतो. आज १०४ किलो आहे. दूध निम्म्यावर आणलं. मटण रविवारी, पांढरा रस्सा दोन वाट्या. त्याच्यावर तडजोड नाही.

पेठेतला_पोरगा
पैलवान, लै भारी. मुतारी योजना नाद खुळा.

सूनबाई_सांगते
सगळे पुरुषच बोलालेत म्हणून मी आलो. मी घरातनं काम करतो, पुण्यातल्या कंपनीचं सपोर्टचं. सकाळी नऊ ते सहा कानाला हेडफोन, बूड खुर्चीला. आमचे हे खुर्चीकरांसारखेच रंकाळ्याला जातात आणि मी त्यावेळी दोन डबे, सासऱ्यांचा चहा, पोराची वेणी (होय, पोराचीच, केस वाढवलेत). लोक म्हणतात बायका घरात उभ्याच असतात, त्यांना कशाला व्यायाम. अहो, ओट्यासमोर दोन फुटांत उभं राहिलं की झालं काय? वरनं नऊ तास बसणं आहेच.

पुण्याचा_पाहुणा
माफ करा, ताई म्हणू की दादा? "आलो", "करतो" वाचून गोंधळलो.

सूनबाई_सांगते
कोल्हापूरची आहे. आम्ही बायका असंच बोलतो. पुढं.

मी एवढंच केलं. ज्या मीटिंगमध्ये मला बोलायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं, ती सोप्यात (ओसरीत) येरझाऱ्या घालत ऐकतो. जुनं घर आहे, सोपा लांब आहे. रोजच्या दोन मीटिंगा, ५० मिनिटं झाली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, काय गं, कुणाशी भांडालीस? आता त्याही शेंगा सोलायचं सोडून माझ्याबरोबर दोन फेऱ्या मारतात. पण सकाळचा रंकाळा मला अजून बघायचाय. खुर्चीकर, तुमच्या सातजणांच्या घरी त्या वेळेला डबा कोण करतं, ते पण वहीत लिहा.

फिजिओ_ताई
हे लिहायलाच हवं होतं. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये जे आकडे आले, त्यात २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. बायका आळशी म्हणून नाही, वेळ त्यांच्या हातात नाही म्हणून.

खुर्चीकर
सूनबाई, लिहिलं. आमच्या सातही घरांत उत्तर एकच आलं. जरा ओशाळलो.

पुरावा_दे_मर्दा
बरं, मग रोज दहा हजार पावलं टाकली की सगळं मिटतं का? माझं घड्याळ रोज रात्री मला शरमिंदं करतं.

फिजिओ_ताई
दहा हजारचा आकडा दवाखान्यातून नाही, दुकानातून आला. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच "दहा हजार पावलांचं मीटर". आकडा गोल होता, लोकांच्या डोक्यात बसला. २०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवर अभ्यास झाला. दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० वाल्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी होता आणि ७५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. हा आकडा त्या वयाचा, सगळ्यांना जसाच्या तसा लावू नका. पण तीन हजारावर असाल तर साडेचारवर या, दहा झाले नाहीत म्हणून घड्याळ काढून फेकू नका.

गुजरीतला_कारागीर
आमच्यासारख्यांचं काय? मी दागिन्याचं काम करतो, खाली मांडी घालून. डोळा कामावर, मान खाली, हातात चिमटा. अर्ध्या तासाला उठा म्हणताय, पण डाग देताना (सोन्याचा सांधा जोडताना) मध्येच उठलो तर सोनं जाईल आणि मालकही.

फिजिओ_ताई
डाग देताना उठू नका! एक नग हातावेगळा झाला की उठा. घड्याळाकडे बघायचं कारण नाही.

तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे. टांझानियात हाडझा नावाचे शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणारे लोक आहेत. त्यांचं बसणं मोजलं तर दिवसाला जवळपास १० तास भरलं, आपल्याएवढंच. तरी त्यांची हृदयं ठणठणीत. २०२० च्या त्या अभ्यासात असं मत मांडलंय की ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, त्यात पायांचे स्नायू थोडे तरी जागे राहतात. मांडी म्हणजे उकिडवं नव्हे, हे खरं. पण तुम्ही दिवसातून वीसवेळा हात न टेकता जमिनीवरून उठलात तर त्या वीस बैठकाच झाल्या. खुर्चीवाल्याला ते मुद्दाम करावं लागतं. मानेसाठी नग संपल्यावर हनुवटी मागं ओढून दहा आकडे.

पेठेतला_पोरगा
काका, पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला चला आमच्याबरोबर. चिखलात दोन दिवस चालला की सगळी साखर खिंडीतच ऱ्हाईल.

फिजिओ_ताई
यावर्षी नको. चिखलाचा उतार, भिजलेले बूट आणि वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या मांड्या हे गणित माझ्या दवाखान्यात येऊन सुटतं. माघातल्या खेट्यांना जोतिबाला चालत जाण्यापासून सुरुवात करा, तोवर सहा महिने आहेत. आधी जिने, बैठका, रंकाळ्यावर वेग.

आणि जेवल्यानंतरचं विसरू नका. शतपावली हा आपल्या आज्यांचा शब्द, पण त्यात दम आहे. जेवणानंतर साखर चढायला लागते, नेमकी तेव्हाच मांड्यांनी ती उचलायची. कोलंबिया विद्यापीठात २०२३ मध्ये बघितलं, दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं सावकाश चाललं तर जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी कमी झाली. माणसं फक्त ११ होती, तेव्हा टक्केवारी डोक्यावर घेऊन नाचू नका. पण दिशा इतर अभ्यासांशी जुळते. दुपारी दहा मिनिटं, रात्री दहा मिनिटं, एवढं करा.

खुर्चीकर
दुपारी चालायला निघालो तर साहेब काचेतून बघतात. एकदा विचारलं पण, "काम नाही वाटतं?" आमच्याकडे खुर्चीत दिसणारा माणूस कामाचा.

लाल_माती
हातात फाईल घेऊन चाला. फाईलवाल्याला कुणी विचारत नाही.

निवृत्त_कंडक्टर
आणि चालीत घाई दाखवा. सावकाश चालणाऱ्याला लोक अडवतात, घाईतल्याला वाट देतात. एष्टीतला अनुभव.

खुर्चीकर (दसरा झाल्यावर)
मंडळी, तीन महिने झाले, हिशेब द्यायला आलोय.

फाईल युक्ती चालली. स्टोअरला फोन करायचो ते बंद केलं, स्वतः जातो. स्टोअर दुसऱ्या शेडमध्ये, जाऊन-येऊन सहा-सात मिनिटं. एक अनपेक्षित फायदा झाला. प्रत्यक्ष जायला लागल्यावर जुन्या मालाच्या नोंदीत केवढा घोळ होता ते कळलं. साहेब खूश झाले, आता काचेतून बघून हात करतात. डबा कँटीनमध्ये खातो आणि मग शेडला एक वळसा. पाण्याची मोठी बाटली टेबलावरनं काढली, पेल्यानं पितो, संपला की उठतो. सोमवार-गुरुवार पैलवानांच्या बैठका. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठड्याला धरून उतरलो.

कट्ट्यावर मोठं भांडण झालं. मी म्हटलं गप्पा चालत मारू. दोघं म्हणाले, मग कट्टा कशाला म्हणायचं? ते दोघं अजून बसतात, आम्ही पाचजण त्यांच्यासमोरून फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला ते नवा विषय टाकतात. मंगळवार आणि शनिवार सकाळी मी रंकाळ्याला जात नाही. डबा मी करतो आणि बायको तिच्या बहिणीबरोबर शिवाजी विद्यापीठात फिरायला जाते. चपात्यांचे नकाशे होतात.

एचबीएवनसी ५.८. कंबर ९५. वजन दीडच किलो उतरलं. डॉक्टर म्हणाले, वजनाकडे नको, कंबरेकडे बघा. आपल्या पुरुषांनी ९० च्या आत राहायला पाहिजे. म्हणजे अजून पाच सेंटिमीटर बाकी. मिसळ चालू आहे, कट एकदाच.

एक अडचण. मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावलाय, पण आता तो वाजला की हात आपोआप जातो आणि बंद करतो. उठणं होत नाही.

सूनबाई_सांगते
मंगळवार-शनिवार वाचून बरं वाटलं. हा धागा घरी मोठ्यानं वाचून दाखवलाय. बघू.

निवृत्त_कंडक्टर
गजर कसला वाजतोय?

खुर्चीकर
घंटाच आहे मामा. तुमची आठवण म्हणून मुद्दाम शोधून लावली. टिंग, एकदा.

निवृत्त_कंडक्टर
तिथंच चुकलं न्हवं. सिंगल बेल म्हंजे गाडी थांबवा. डबल लाव.